खजुराच्या खोक्यांतली सून

आमच्या सरांना वेडा म्हणणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. त्यात सगळ्यात जास्त राग माझाच येतो, कारण पहिल्यांदा मीच म्हटलं होतं, तेही त्यांच्या पलंगापासून दोन हातांवर बसून, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

दुबईत करामाच्या त्या फ्लॅटमध्ये एका खोलीत आम्ही सहा जण होतो. पाच रत्नागिरीकडचे, आपापसांत चुलत-मावस, आणि सहावे सर. मी सिलिकॉन ओएसिसमध्ये एका बिल्डिंगचा मेंटेनन्स बघायचो. एसी, पंप, लिफ्ट, थोडक्यात शिव्या खायचं काम. सर मरीनात एका फ्लॅट विकणाऱ्या ऑफिसात रशियन गिऱ्हाइकांचे दुभाषे होते. साठी ओलांडलेली, अंगानं काडी, शर्ट कडक इस्त्रीचा आणि घरात पायांत बाथरूमच्या स्लीपर. लग्न केलेलं नव्हतं. सगळ्यांना 'अहो' म्हणायचे, वॉचमनलासुद्धा. आखातातला सगळा कारभार भाई, चाचा आणि हबीबी यांच्यावर चालतो, पण या माणसानं कधी कुणाला नात्यानं हाक मारली नाही. नातं नसताना नात्याचा शब्द वापरू नये, असं त्यांचं म्हणणं. मला ते 'शेजारी' म्हणत. सहा वर्षं मी शेजारीच राहिलो.

मी राहायला गेलो त्या दिवशी बॅग खाली ठेवली नाही तोच यांनी विचारलं, "आपल्या घरात सून आहे का?"

माझं डोकंच फिरलं. ओळख ना पाळख, आणि हा माणूस माझ्या घरातल्या बाईमाणसाची चौकशी करतो! मी म्हणालो, "आहे. माझी बायको. का?"

"काही नाही. मुलाच्या बायकोला आपल्याकडे कोणता शब्द आहे, एवढंच हवं होतं."

"सून! दुसरा कोणता असणार?"

"वा," म्हणाले आणि एका जाड कागदाच्या तुकड्यावर लिहून घेतलं. तेव्हा मी चुलतभावाला मोठ्यानं म्हणालो, "हा म्हातारा येडा आहे रे."

पुढं कळलं ते असं. रशियन, पोलिश, बल्गेरियन, सर्बियन या सगळ्या भाषा एका जुन्या भाषेच्या लेकी. ती आई-भाषा दीड हजार वर्षांपूर्वी लोक बोलत होते, पण कुणी लिहून ठेवली नाही. आज लेकी काय बोलतात ते बघून, मागं मागं जात, आईचे शब्द पंडितांनी बसवलेत. त्या भाषेत सुनेला 'स्नुखा' म्हणत असावेत. संस्कृतात स्नुषा. तीच प्राकृतातून झिजत आपल्याकडे सून म्हणून आली. सरांनी चाळीस वर्षं या एका शब्दापायी घालवली होती. ग्रीक आणि लॅटिनमध्ये हाच शब्द पुरुषाच्या नावासारखा चालतो, अर्थ बाईचा आणि चाल बाप्याची. स्लाव लोकांनी तो बाईच्या वळणावर कधी आणला, कसा आणला, हे त्यांना शोधायचं होतं. त्याहून मोठं भांडण दुसरंच होतं. काही पंडित म्हणतात की हा शब्द मुलगा या अर्थाच्या 'सूनु'वरून आला, मुलाची ती सून. हे कुणी म्हटलं की सरांच्या कपाळावरची शीर ताठायची.

"अहो, 'सूनु'तला तो ऊ गेला कुठं? गिळला? असा स्वर गिळता येतो का? तिचा शब्द तिचाच आहे हो! मुलाच्या शेपटाला का बांधता तिला?"

आमच्या पोरांना हसायला आयतंच मिळालं. "सर, आधी बायको शोधा, मग मुलगा होईल, मग सून बघू." सरही हसायचे. मला ते हसणंच आवडायचं नाही. माणसाला आपल्या थट्टेचा थोडा तरी राग यायला हवा.

एक मात्र त्यांच्याकडून सगळी बिल्डिंग शिकली. जो शब्द कुठं लिहिलेला सापडत नाही, फक्त अंदाजानं बसवलाय, त्याच्यापुढं पंडित एक छोटा तारा काढतात. 'स्नुखा'पुढं तो तारा कायम. सरांनी ही शिस्त जगाला लावली. लिफ्टवर नोटीस लागली, 'उद्या दुरुस्त होईल.' सरांनी खिशातून पेन काढून 'उद्या'पुढं तारा काढला. माझ्या कंपनीनं सांगितलं, यंदा सगळ्यांना रजेचं तिकीट, इन्शाल्ला. मी आनंदानं येऊन सांगितलं तर हे म्हणाले, "पत्र दिलं? नाही? मग तारा लावा, शेजारी." तिकीट मिळालं नाही. मी सरांवरच चिडलो. बॉसवर कोण चिडणार?

माहिती गोळा करायची त्यांची पद्धत तर विचारूच नका. दुबईत सगळं जग येतं, आणि सर प्रत्येक स्लाव माणसाला एकच गोष्ट विचारायचे. सर्बियन नर्स, युक्रेनची ब्युटी पार्लरवाली, बल्गेरियन वेटर. तुमच्या गावात सुनेला काय म्हणतात? सासू काय म्हणते, सासरा काय म्हणतो? एकदा एक रशियन म्हातारा-म्हातारी मुलगा-सुनेला घेऊन फ्लॅट बघायला आले. विसावा मजला, समोर समुद्र, सौदा जवळजवळ पक्का. सरांनी म्हातारीला विचारलं, हिला काय म्हणता? ती म्हणाली, "नेवेस्तका." म्हातारा म्हणाला, "स्नोखा." सरांना काय तो आनंद! त्यांनी दोघांकडून पुन्हा म्हणवून घेतलं. तेवढ्यात सून म्हणाली, "खोटं आहे. हे मला दोन्ही म्हणत नाहीत. 'ती' म्हणतात." मग त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये असं भांडण पेटलं की सिक्युरिटीवाला वर आला. सौदा खलास. मॅनेजरनं सरांना सगळ्यांसमोर झापलं. सर घरी आले ते दोन नव्या चिठ्ठ्या नाचवत.

या चिठ्ठ्या म्हणजे ऑफिसातल्या जुन्या ब्रोशरचे कापलेले तुकडे. एका बाजूला सरांचं मुंगीएवढं अक्षर, रशियन, ग्रीक आणि मध्येच मराठी. दुसऱ्या बाजूला कुठं स्विमिंग पूलचा निळा तुकडा, कुठं अर्धा सोफा. सगळ्या चिठ्ठ्या खजुराच्या रिकाम्या खोक्यांत, क्रमानं. करामात झुरळांनी कुणाचं भलं केलेलं नाही, म्हणून प्रत्येक खोक्याला पारदर्शक प्लास्टिक गुंडाळून चिकटवलेलं. अशी बारा खोकी त्यांच्या पलंगाखाली होती.

तरुणपणी सर स्कॉलरशिपवर युरोपात पीएचडी करायला गेले होते. प्रबंध अर्धा झाला आणि ज्या देशाची स्कॉलरशिप तो देशच मोडला. हसू नका, त्यांच्या बाबतीत असंच व्हायचं. इतक्या वर्षांनी तिथल्या विद्यापीठानं कळवलं की जुन्या अर्धवट विद्यार्थ्यांना एक शेवटची संधी आहे, ईदनंतरच्या महिन्यात प्रबंध पाठवा, त्यानंतर खातं कायमचं बंद. इकडे ऑफिसानं सांगितलेलं की वयामुळं यंदा व्हिसा रिन्यू होणार नाही. म्हणजे माणसाला दोन-अडीच महिने उरलेले, आणि पलंगाखालच्या बारा खोक्यांवर चाळीस वर्षांचा हिशेब लागणार. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी जे केलं ते केलं.

रमजान तोंडावर होता. रमजानच्या आधी आम्ही गावाला कार्गो पाठवतो. टँग, दूध पावडर, बाम, चादरी आणि गल्लीत वाटायला खजूर. मी तसल्याच प्लास्टिक गुंडाळलेल्या खोक्यांतले अकरा खोकी खजूर आणून माझ्या पलंगाखाली ठेवले होते. त्याच दिवशी बिल्डिंगमध्ये पेस्ट कंट्रोल आलं. यल्ला यल्ला करत सगळ्यांचं सगळं सामान पॅसेजमध्ये. धूर, खोकला, आरडाओरडा, आणि त्यात कार्गोवाला दारात. त्याची व्हॅन रस्त्यात उभी, मागं हॉर्न. मी खोकी उचलली, कार्टनमध्ये भरली, टेप मारली. वजनाला सारखीच होती. जाड कागद काही हलका नसतो.

सर त्या आठवड्यात बाराव्या खोक्यावर काम करत होते. ते त्यांच्या उशाशी होतं, म्हणून वाचलं. धूर ओसरल्यावर मागं राहिलेली अकरा खोकी त्यांच्या पलंगाखाली गेली, आणि त्यांचं प्लास्टिक त्यांनी सोडलंच नव्हतं.

पहिल्या रोज्याला मी ड्यूटीवर होतो. गावाकडची मगरिब, म्हणजे रोजा सोडायची वेळ, आमच्या आधी होते. फोन वाजला तो अम्मीचा, आणि माझी अम्मी इतकी चिडलेली मी जन्मात ऐकली नव्हती. "खजूर म्हनून कागद पाठवलेस? अजान झाली, माणसं हात पुढं करून बसलेली, खोका उघडला तर कागद! एकेका घरात! सगळ्या गल्लीत माझं नाक कापलंस!"

मी पंपरूमचं दार लावून घेतलं. अकरा घरांत, एकाच क्षणी, उपाशी माणसांनी सरांच्या चाळीस वर्षांचं झाकण उघडलं होतं.

घरी आलो, सरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "सगळी अकरा?" मी मान हलवली. त्यांनी स्वतःच्या पलंगाखालून एक खोकं काढलं, प्लास्टिक फाडलं, एक खजूर तोंडात टाकला आणि म्हणाले, "चांगला आहे." बस्स. अरे, दोन थोबाडीत मारा, आईबहीण काढा! मी त्यांच्यावर ओरडलो, "तुम्हाला राग येत नाही का हो?" गुन्हा माझा आणि आवाज माझाच मोठा.

गावात तोवर वेगळंच शिजत होतं. त्या चिठ्ठ्यांवर न वाचता येणारी अक्षरं, जिकडंतिकडं तारे, मागं पाण्याचे निळे तुकडे. कुणीतरी म्हणालं, ही करणी आहे. दुसरा म्हणाला, कशावरून, अल्लाचं नाव पण असेल. मशिदीचा कारभार बघणारे मुतवल्ली आम्हाला चाचा लागतात. त्यांनी निवाडा केला. करणी असो की अल्लाचं नाव, दोन्हींना पाणीच बरं. उद्या असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर सगळी खोकी खाडीत सोडायची.

मी फोन लावला. "चाचा, पुस्तकाचं काम आहे ते. एका मोठ्या माणसाचं."

"कुठल्या भाषेत?"

"आता कुणी बोलत नाही अशा भाषेत."

"लिहिलेलं आहे का कुठं त्या भाषेत?"

"नाही. कुणी लिहिलीच नाही ती."

"मग ह्यांनी कशी लिहिली?"

एवढं विचारून चाचांनी फोन ठेवला. मी मोबाइल भिंतीवर मारणार होतो, पण तो नवा होता, नऊशे दिरहमचा, म्हणजे आपले वीस हजारांच्या वर.

मग बायकोला सांगितलं. ती ओरडली नाही, रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "उद्या असरच्या आधी ना? आमच्याकडं किती वेळ आहे ते मी बघते." दुसऱ्या दिवशी दुपारचा जोहरचा नमाज झाला, पुरुष आडवे झाले आणि ती दारोदार गेली. आमच्या गल्लीत घरटी एक नवरा आखातात आणि घरटी एक सून गावात. फोन सगळ्यांकडे चांगले, आम्हीच पाठवलेले. त्यांनी चादरी अंथरल्या, एका वेळी आठ-आठ चिठ्ठ्या मांडल्या आणि फोटो काढत सुटल्या. माझा मोबाइल ड्यूटीवर टुणटुण वाजत राहिला. कुठं फोटोत कुणाचा अंगठा, कुठं मांजराची शेपटी. दहा घरांतून सगळं आलं. अकराव्या घरात सुनेचा फोन सासूच्या ताब्यात. त्या बाईनं मुलाची शाळेची वही घेतली आणि अक्षराला अक्षर बघून चिठ्ठ्या उतरवून काढल्या. एक अक्षर कळत नसताना, ताऱ्यासकट! असर होईस्तोवर एकतीस झाल्या. त्या घरातल्या उरलेल्या खाडीत गेल्या, बाकी सगळ्या खोक्यांबरोबर.

सरांनी ते फोटो माझ्या मोबाइलवर बघितले तेव्हा त्यांचे डोळे भरले. वहीच्या पानांचा फोटो आला तेव्हा तर ते उठून किचनमध्ये गेले. मग म्हणाले, "शेजारी, मला आपल्या सौभाग्यवतींशी बोलायचं आहे. परवानगी असेल तर." मी फोन जोडून दिला आणि खाली करक चहा आणायला गेलो. परत आलो तेव्हा सर लिहून घेत होते. काय, ते मी विचारलं नाही.

सगळा महिना ते माणूस जेमतेम झोपलं. क्रम सगळा विस्कटला होता, तो पुन्हा लावला. प्रबंध मुदतीत गेला. आणि उत्तर आलं! आम्ही कॅफेटेरियात बसलो होतो. सरांनी मोबाइल माझ्यापुढं धरला आणि मराठीत सांगितलं. परीक्षकांना काम पसंत होतं. पदवी द्यायला हरकत नव्हती. फक्त एक अट. सरांनी पानापानाच्या तळाला टीप दिली होती, चिठ्ठी क्रमांक अमुक, पाहिली अमुक बाईनं. अशा आठशे टिपा. शास्त्रीय प्रबंधात अनोळखी गृहिणींची नावं शोभत नाहीत, ती काढून टाका, असं विद्यापीठाचं म्हणणं.

"काढा मग!" मी म्हणालो. "दहा मिनिटांचं काम आहे, सर."

"नाही काढता येणार."

"का नाही?"

"मूळ चिठ्ठ्या कुठं आहेत? खाडीत. आज त्या मी दाखवू शकतो का? नाही. शेवटच्या कुणी पाहिल्या? त्यांनी. मग पाहणाऱ्याचं नाव नको?"

"अहो, पण चिठ्ठ्या तुम्हीच लिहिल्यात ना! चाळीस वर्षं घालवलीत! आणि त्या बायका काय, त्यांना कळणार तरी आहे का तुम्ही नाव घातलंत की खोडलंत?"

सर चिडलेले मी पहिल्यांदा बघितले. ग्लास असा आपटला की चहा माझ्या शर्टावर. "म्हणून खोडायचं? त्यांना कळणार नाही म्हणून?"

आजूबाजूचे बघायला लागले. मी उठून गेलो. त्यांचाही राग आला, त्या विद्यापीठाचाही आला. चार दिवस बोललो नाही त्यांच्याशी. त्या चार दिवसांत त्यांनी नकार कळवून टाकला होता. खातं बंद झालं, पदवी गेली, महिनाअखेरीला व्हिसाही गेला. एअरपोर्टला मी सोडायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्या हातात एक पिशवी दिली. आत अकरा पाकिटं होती, प्रत्येकात प्रबंधाची झेरॉक्स. "रजेवर जाल तेव्हा पोचती करा," म्हणाले. "एवढं करा, शेजारी."

मी रजेवर गेलो आणि गल्लीत उभा राहून पाकिटं बघायला लागलो. प्रत्येकावर देवनागरीत एकेक नाव. नुसतं नाव. घर नाही, नवरा नाही, कुणाची कोण काही नाही. पहिलं माझ्या बायकोचं होतं. उरलेल्या दहांतलं एकही मला ओळखता आलं नाही. याच गल्लीत मी जन्मलो. या सगळ्यांच्या घरी ईदला शीरखुर्मा खाल्ला, यांच्या नवऱ्यांचं सामान दर वर्षी वाहून आणलं. नाक्यावर दोघा-तिघांना विचारलं. "अरे, कुणाची बायको ते सांग ना," म्हणाले. तेही तिथलेच. मला स्वतःची इतकी लाज वाटली की सांगता येत नाही.

शेवटी बायको बरोबर आली. तिनं पाकिटं बघत घरं दाखवली, मी दिली. एक उरलं. त्यावर लिहिलं होतं, सबिहा. बायको म्हणाली, "ही वहीवाली. शेवटचं घर. घरात सगळे दुल्हन म्हणतात तिला. हे तुम्ही एकटे जाऊन द्या."

मी गेलो. ओट्यावर तिची सासू आमसुलं वाळत घालत बसली होती.

"चाची, सबिहा आहे का? तिचं टपाल आहे."

म्हातारीनं डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं. "सबिहा? त्या नावाचं हितं कोन नाय, बाबा. घर चुकलास तू."

आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो थांबला. पिठाचे हात तसेच धरून एक बाई दारात आली. सासूकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"आहे," ती म्हणाली. "मी आहे ना."